लव्हाळ्याला आलेला वास

लव्हाळ्याला पुदिन्याचा वास येत नाही. कुठल्याच लव्हाळ्याला येत नाही. ओल्या मातीचा येईल, कुजक्या पाण्याचा येईल, बहुतेक वेळा काहीच येणार नाही. तरी मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, कॉलेजच्या तळघरात, मार्लिस होक्स्ट्रानं एका जुन्या गठ्ठ्यावरची प्लॅस्टिकची पिशवी फाडली आणि आतल्या वाळलेल्या लव्हाळ्यांतून असा दणदणीत पुदिना बाहेर आला, की तिला आधी वाटलं, नॉर्बर्टच काहीतरी चघळत मागे येऊन उभा राहिलाय. नॉर्बर्ट खोकी उचलायला आला होता. कॉलेजचा वनस्पतिसंग्रह बंद होऊन मोठ्या विद्यापीठात चालला होता, चौऱ्याऐंशी कपाटं, आणि मार्लिसची नोकरी नाताळपर्यंतच उरली होती. गेले चार महिने ती कागद मोजत होती, दोऱ्या बांधत होती, गुडघे धरून शिडीवरून उतरत होती. कंटाळा हा शब्दही आता तिला कंटाळवाणा झाला होता. "नॉर्बर्ट, तोंडात काय आहे तुझ्या?" तिनं मागे न बघता विचारलं. "दात," नॉर्बर्ट म्हणाला, "तेही सगळे माझे नाहीत." "इकडे ये. याचा वास घे." तो वाकला, हुंगला. "पुदिना." "हे काय आहे?" "गवत." "गवत नाही, लव्हाळा." "मग पुदिन्याचा लव्हाळा. बाई, मला इथल्या सगळ्याचा सारखाच वास येतो, धुळीचा. पण हा पुदिना आहे." त्यानं गठ्ठ्याच्या वरची फळी बोटानं वाजवली. "आणि वास गवताला नाही हो. लाकडाला आहे. ही खोक्याची फळी दिसतेय, तेलाच्या." त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच मार्लिसला कळलं होतं. ती मागच्या स्टुलावर बसली. नॉर्बर्टनं विचारलं, चक्कर आली का, आणि ती नाही म्हणाली, पण उठली नाही.

फळ्या हेसेल टेरप्स्ट्रांच्या होत्या. पट्ट्यापट्ट्यांनी जोडलेल्या, चारी बाजूंनी घासून गुळगुळीत केलेल्या दोन फळ्या, त्यांच्यामध्ये वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांत झाडं आणि वरून घट्ट आवळलेला चामडी पट्टा. झाडं वाळवायची ती हीच रीत. हेसेलनी हा गठ्ठा नव्याण्णव साली कॉलेजला आणून दिला होता, स्वतः, पावसाळी कोट घालून, आणि टेबलावर ठेवून "हेही घ्या" एवढंच म्हणून गेले होते. तेव्हा मार्लिसनं गाठसुद्धा सोडली नाही. पिशवी चढवली, चिठ्ठी लावली, गठ्ठा कपाटाच्या वरच्या कप्प्यात सरकवून दिला. झाडं देतात लोक, पण फळ्या कोणी देत नाही. सुतार करवत देऊन टाकत नाही. हे तिच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आलंही असेल. तिला आता नक्की आठवेना, की लक्षात आलं नव्हतं की यायला नको होतं.

हेसेल वीस वर्षं पुदिन्याच्या भट्टीवर होते. मार्लिसच्या लहानपणी शहराच्या दक्षिणेला काळ्या दलदली मातीत मैल मैल पुदिना असायचा, ऑगस्टात कापायचा, गाड्यांवर रचून भट्टीत घालायचा, वाफेनं तेल काढायचं. भट्ट्या पेटल्या की सगळ्या कॅलमझू शहराला वास यायचा. दोरीवरच्या चादरींना यायचा, दुधाला यायचा, शाळेच्या फळ्यालासुद्धा यायचा. मार्लिसच्या बापाचं शेत भट्टीला लागूनच होतं. बाप तिला डोळे मिटायला लावून हातावर तेलाचे थेंब टाकायचा, कुठला कुठल्या शेतातला ते ओळख म्हणायचा, आणि ती ओळखायची. "पोरीला नाक आहे," बाप चर्चबाहेर लोकांना सांगायचा. बाकी काही त्यानं कधी कौतुकानं सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. पुढे पुदिना पश्चिमेला गेला, भट्ट्या बंद पडल्या, हेसेल टपालखात्यात लागले आणि भट्टीवरची तेलाची रिकामी खोकी त्यांनी घरी नेली. एकातून कोंबड्यांचं खुराडं केलं, एकातून या फळ्या.

ती उठली आणि सत्तेचाळीस नंबरच्या कपाटाकडे गेली. तुळस, पुदिना, त्यांची चौकोनी देठांची सगळी भावकी त्या कपाटात होती. कागद तिला शोधावा लागला नाही. पंचवीस वर्षांत तिनं तो एकदाही काढला नव्हता आणि कुठे आहे ते एकदाही विसरली नव्हती. जाड पांढऱ्या कागदावर शिवलेली वीतभर फांदी, हेसेलच्या याच फळ्यांमध्ये वाळवलेली. पानांच्या बगलेत फुलांची कडी, जांभळटपणा जाऊन आता चहाच्या डागाच्या रंगाची. खाली उजवीकडे हेसेलच्या टपालकचेरीतल्या सुबक अक्षरात लेबल: रानपुदिना, रेल्वेयार्डामागचं ओलं कुरण, ऑगस्ट १९९८. आणि त्याच्या वरच्या बाजूला दोन बोटांएवढी दुसरी चिठ्ठी, काळ्या शाईत, जरा जास्तच ठाम अक्षरात: रानपुदिना नव्हे, शेतातला पुदिना, पळून आलेला. एम. ई. होक्स्ट्रा. मधल्या नावाचं अक्षरसुद्धा घातलं होतं तिनं. बत्तीस वर्षांची होती, नोकरीला आठ महिने झाले होते.

या कामात एक नियम आहे आणि तो कोणी मोडत नाही. कागदावरचं जुनं नाव चुकलं असेल तर ते फाडायचं नाही, खोडायचं नाही. शेजारी नवी चिठ्ठी लावायची, खाली आपलं नाव आणि साल. चूक तिथंच राहते, चुकणाराही. मार्लिसला हा नियम फार आवडायचा, कारण तो नेहमी दुसऱ्यांना लागू पडायचा.

तिनं फांदीवरचं एक फूल चिमट्यानं सोडवलं, कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून त्यात बुडवलं आणि दहा मिनिटं वाट बघत बसली. वाळलेलं फूल असं भिजवलं की फुगतं, जवळजवळ जिवंत होतं. तेव्हा हीच दहा मिनिटं तिनं दिली नव्हती. दोन पुदिन्यांत फरक तेवढाच आहे: फुलाखालची हिरवी पेली. शेतातल्या पुदिन्याची पेली बुडाशी तुकतुकीत असते, केस असले तर वरच्या दातऱ्यांना. रानपुदिन्याची बुडापासून टोकापर्यंत केसाळ. भिंगाखाली धरलं की शाळकरी पोरालाही दिसेल. पण प्रोफेसर म्हणाले होते, हेसेलची यादी तपासून तीनपर्यंत हवी, गावची सभा पाचला आहे, आणि तिनं कागद उचलून नाकाशी नेला होता. डोळे मिटले होते. आलाच होता शेतातला वास, तेलाचा, बापाच्या शेताचा, इतका स्वच्छ की भिंग कशाला हवं. ज्या गावातल्या लोकांच्या हाडांत पुदिना मुरलाय त्याच लोकांनी करावी अशी चूक. आता तिनं पेली भिंगाखाली धरली. केस होते. बुडापासून. पांढरे, दाट, एकेक मोजता येईल असे. तिला काही आश्चर्य वाटलं नाही आणि त्याचीच लाज वाटली.

त्या संध्याकाळची सभा तिनं शेवटच्या रांगेतून पाहिली होती. रेल्वेयार्डामागचं कुरण भरून काढायचं की राखायचं, हा प्रश्न होता. हेसेलनी तीन उन्हाळे टपालाची पाळी संपवून तिथं गुडघाभर पाण्यात घालवले होते आणि एकसष्ट देशी झाडांची यादी केली होती. कंत्राटदारांचा वकील उठला, मोठा हसतमुख माणूस. म्हणाला, कॉलेजनं तपासलंय, यातला पुदिना शेतातला निघाला. मिस्टर टेरप्स्ट्रांनी वीस वर्षं भट्टीवर काढली. पुदिन्यात हयात गेलेल्या माणसाला पुदिना ओळखता येत नसेल, तर उरलेली साठ नावं आम्ही कुठल्या भरवशावर मानायची? लोक हसले. वाईट हसले नाहीत, गावातल्या माणसाला हसतात तसे हसले. हेसेल यादी हातात धरून उभे होते. त्यांनी ती चार घड्या करून कोटाच्या खिशात ठेवली आणि खाली बसले. पुढच्या वसंतात कुरणावर खडी पडली. आता तिथं फर्निचरचं गोदाम आहे, मार्लिसचा सोफा तिथलाच.

सभेनंतरच्या रविवारी चर्चमध्ये ती हेसेलच्याच बाकावर होती, नेहमीसारखी, दोन माणसं सोडून. पाद्रीसाहेबांचं प्रवचन सुरू झालं की बाकाच्या टोकाचा वडीलमाणूस खिशातून पेपरमिंटच्या गोळ्यांची गुंडाळी काढतो, एक घेतो आणि गुंडाळी बाकावरून पुढे जाते. इथली सगळी डच वंशाची मंडळी असंच करतात, एक गोळी आरंभाला, एक मध्यावर. त्या बाकावर ती गुंडाळी हेसेलची असे. त्या रविवारी मार्लिस गुंडाळीची वाट बघत मान खाली घालून बसली होती. ती आली. हेसेलनी मधल्या दोघांना ओलांडून स्वतः हात लांब करून तिच्यापुढे धरली. तिनं गोळी घेतली, तोंडात टाकली. माफ केलं, तिला वाटलं. त्यानंतर बावीस वर्षं, हेसेल वृद्धाश्रमात जाईपर्यंत, दर रविवारी दोन गोळ्या. कशाबद्दल माफ केलं हे तिनं कधी स्वतःला विचारलं नाही. माफी आहे म्हणजे अपराधही असणार, एवढा साधा हिशेब तिनं कधी मांडला नाही.

दुपारभर तिनं बाकीचं काम केलं. नवी चिठ्ठी लिहिणं सोपं होतं: रानपुदिना, एम. ई. होक्स्ट्रा, २०२३. दोन ओळी. विद्यापीठात कोणी बघितलं तर म्हणेल, बाईंनी मत बदललं, चांगल्या अभ्यासकाचं लक्षण. कारण लिहायची पद्धत नाही आणि कोणी विचारणार नव्हतं. तिच्या चिठ्ठ्या या चौऱ्याऐंशी कपाटांत अकराशेच्या वर होत्या. लग्न झालं नाही, मूल नाही, एक पुस्तक लिहायचं होतं ते राहिलं. जगात तिचं म्हणून काही मागे राहणार असेल तर त्या अकराशे चिठ्ठ्या, दोन बोटांएवढ्या, काळ्या शाईतल्या. त्यांतल्या किती तिनं भिंगाखाली बघून लिहिल्या होत्या? बहुतेक सगळ्या. बहुतेक सगळ्याच. पण हे तिला ठाऊक होतं, कागदाला नव्हतं. चिठ्ठीची शाई वाळेपर्यंत ती बघत राहिली आणि मग न डकवताच पाकिटात घालून कोट चढवला. सभ्य बाई म्हणून नव्हे. गप्प बसून राहायला जेवढी ताकद लागते तेवढीही आता तिच्यात उरली नव्हती.

गोदामाच्या मागे पावसाचं पाणी जायला खणलेला नाला आहे. ती गाडी लावून खाली उतरली, बूट भरले. बाटल्या, एक टायर, बोरूचं रान. आणि पाण्याच्या कडेला, कोणी लावलेला नाही, कोणी राखलेला नाही, हातभर उंचीचा रानपुदिना, सप्टेंबर अर्धा झाला तरी बगलांत फिकी जांभळी फुलं. पंचवीस वर्षं तो इथंच होता, तिच्या घरापासून आठ मिनिटांवर. तिनं पान चुरगळलं. तिखट, उग्र, ओल्या कांबळ्यासारखा वास, त्यात थोडा पुदिना. भट्टीच्या तेलाशी काही संबंध नव्हता. आंधळ्यानंसुद्धा वेगळा सांगितला असता. तिनं एक फांदी तोडली आणि नाल्याच्या काठावर उभी राहून थोडी रडली, फार नाही, कारण पाय गार पडत होते.

वृद्धाश्रमात हेसेलची मुलगी ग्रीटा खोलीच्या दारातच भेटली, बापाच्या धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत. "काय गं, नाताळ लवकर आला का यंदा?" ती म्हणाली, कारण मार्लिस वर्षातून एकदा, नाताळात, बदामाची पोळी घेऊन येई. मग तिचं लक्ष बुटांकडे गेलं. "आणि कुठल्या गटारातून आलीस?" "तुमच्या बाबांच्या," मार्लिस म्हणाली. ग्रीटा हसली नाही.

हेसेल खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होते, एक्क्याण्णव वर्षांचे, शर्टाची गळ्याची गुंडी लावून, जणू आत्ता चर्चला निघायचंय. तिनं फांदी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उचलून नाकाशी नेली आणि मान हलवली. "वास गेला माझा, पोरी. सहा-सात वर्षं झाली. सूप आणि पाणी सारखंच लागतं." तिनं गळ्यातलं भिंग काढून दिलं. त्यांनी भिंग आधी डोळ्याला टेकवलं आणि फूल भिंगाजवळ आणलं, जसं करायचं असतं तसं. ग्रीटा मोजे घेऊन आत आली आणि पलंगावर बसली.

"केस आहेत," हेसेल म्हणाले.

"हो."

"बुडापासून."

"हो."

"कुठलं आहे?"

"तुमच्या कुरणातलं. गोदामामागे नाल्यात राहिलंय थोडं. रानपुदिना आहे, हेसेलकाका. तेव्हाही तोच होता. तुमचं बरोबर होतं."

त्यांनी भिंग खाली घेतलं. मार्लिसनं गाडीत जे जुळवलं होतं ते बोलायला सुरुवात केली: प्रोफेसरांची घाई, तीनची वेळ, नवी नोकरी. ते ऐकत नव्हते. "तेव्हा भिंगातून नाही बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग काय केलंस?"

"वास घेतला."

"वास तर माझ्या फळ्यांना होता." त्यांना क्षणही लागला नाही.

"हो. आज कळलं."

"आज," हेसेल म्हणाले. खिडकीबाहेर कोणीतरी पानं गोळा करत होतं, ते त्याच्याकडे बघत राहिले. "मला वाटलं तू बघितलंस. म्हटलं, शिकलेली पोर, हाताशी भिंग, बघूनच लिहिलं असणार. घरी गेलो, बायकोला, अंकेला, म्हटलं, मला पुदिना कळेनासा झालाय, तर बाकीची साठ मी काय ओळखली असणार. ती म्हणाली, परत बघून ये. कशाला जाऊ? शिकलेल्या माणसांनी बघितलं होतं ना. त्यानंतर मी पाण्यात पाय घातला नाही. रस्त्याकडेचं फूल दिसलं तरी मान वळवायचो. म्हणायचो, म्हाताऱ्या, तुला काय कळतंय."

"आई जाईपर्यंत म्हणत होती, परत बघून या," ग्रीटा मोज्यांकडे बघत म्हणाली.

म्हणजे माफी नव्हतीच. मार्लिसला खुर्ची नव्हती, ती भिंतीला टेकली. बावीस वर्षं, वर्षाचे बावन्न रविवार, त्यांनी गुंडाळी पुढे केली होती ती तिला माफ करायला नाही, तर तिचं बरोबर होतं म्हणून. चुकलेल्या माणसानं बरोबर असलेल्या माणसापुढे धरावी तशी. आणि तिनं ती घेतली होती, प्रत्येक वेळी, जिभेवर घोळवून घोळवून.

"नवी चिठ्ठी आणलीस?" हेसेलनी विचारलं. तिनं पाकीट काढलं. "वाच." तिनं वाचलं. दोन ओळी वाचायला किती वेळ लागणार.

"आणि का बदललं ते?"

"ते लिहायची पद्धत नाही, काका."

"मग उद्या बघणाऱ्याला काय वाटेल? शास्त्र पुढे गेलं. कोणाचं काही चुकलं नाही."

"बाबा, सोडा ना आता," ग्रीटा म्हणाली. "कुरण काय परत येणार आहे?"

"तू मोजे बघ."

"हेसेलकाका," मार्लिस म्हणाली, "वास घेऊन ठरवलं असं लिहिलं तर माझ्या बाकीच्या चिठ्ठ्यांवर कोण विश्वास ठेवेल? अकराशे आहेत. त्या मी बघून लिहिल्यात. खरंच बघून लिहिल्यात."

"माझी साठ होती," हेसेल म्हणाले. "तीही बघूनच लिहिली होती."

ग्रीटानं जेवणाचा ट्रे पुसून पुढे सरकवला. मार्लिसनं चिठ्ठी त्यावर ठेवली, पेन काढलं, तेच काळ्या शाईचं, जी पुसत नाही, ओली झाली तरी फुटत नाही. तिसऱ्या ओळीला जागा कमी होती म्हणून अक्षर बारीक काढावं लागलं. १९९८ साली मी फूल पाहिलं नव्हतं. फक्त वास घेतला होता, आणि तो फळ्यांचा होता. टेरप्स्ट्रा यांचं नाव बरोबर होतं. तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मोठ्या विद्यापीठातली कोणी भिंगवाली पोर हे वाचेल, मग पुढच्या कागदावरची होक्स्ट्राची चिठ्ठी बघेल आणि थांबेल, हे तिला दिसत होतं. वाईट वाटत होतं, पण त्या वाटण्यात आता जोर नव्हता.

हेसेलनी मान हलवली. मग सवयीनं त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. गुंडाळी बाहेर आली, नखानं कागद सोलला, एक गोळी त्यांनी तोंडात ठेवली. त्यांना तिची चव लागत नसणार. मार्लिसचा तळवा तिच्याही नकळत थोडा पुढे झाला होता. हेसेलनी तो पाहिला. त्यांनी गुंडाळीचं तोंड नीट पिळून बंद केलं, ती परत खिशात ठेवली, आणि मांडीवरची फांदी उचलून पुन्हा भिंग डोळ्याला लावलं.

मार्लिसनं हात मागे घेतला आणि पेनाला टोपण लावलं.